यजमानांची झडप आणि पत्रातली शेवटची दोन वाक्यं

पत्र :

सिस्टर, नमस्कार. माझे यजमान ६८ वर्षांचे, एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त. सव्वा वर्षापूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण काढली. शेक (रेडिएशन) द्यावा लागला नाही, रिपोर्ट चांगले आहेत. पण तेव्हापासून लघवी गळते. झोपल्यावर बरं असतं, उठून उभे राहिले की सुरू. दिवसाला पाच-सहा पॅड लागतात. भजनात पखवाज वाजवायचे, ते बंद. वारी बंद. पाणी पिणंही कमी केलंय. डॉक्टर म्हणतात कृत्रिम झडप बसवा, खर्च काही लाखांत सांगितलाय. मुलगा म्हणतो, या वयात शरीरात यंत्र कशाला, पॅड आहेत की. मार्गशीर्षात नातीचं लग्न आहे, हे म्हणतात मी येत नाही. त्याआधी ऑपरेशन उरकून घ्यावं का? मलाही खोकलं-शिंकलं की थोडं होतं, कधी दाराचं कुलूप काढेपर्यंतही थांबत नाही, पण ते आपलं बायकांचं असतंच. शेजारणीने यासाठी ऑपरेशन करून आत टेप घालून घेतली, तर इंग्लंडातली भाची म्हणते, तिकडे ती बंद केलीय.
– एक वाचक, सांगली जिल्हा

ताई, जवळजवळ सगळं पत्र यजमानांचं आणि शेवटी दोन वाक्यं तुमची. त्या दोन वाक्यांकडे मी येणार आहेच. मी डॉक्टर नाही, युरॉलॉजी वॉर्डात आयुष्य काढलेली सिस्टर आहे. चाकू कुठे चालवायचा ते सर्जन सांगतील. घरी गेल्यावर काय होतं, ते माझ्याकडून ऐका.

आधी लग्नाचं. त्यासाठी ऑपरेशनची घाई करू नका. ही झडप बसवल्याबसवल्या चालू करत नाहीत. आतली जखम भरून सूज उतरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, ती उघडी ठेवून लॉक करतात. त्या दिवसांत लघवी आधी जशी गळत होती तशीच गळते. हे ऑपरेशनच्या आधी सांगितलेलं असतं, पण धास्तावलेल्या माणसाच्या कानात ते शिरत नाही. आमच्याकडून घरी गेलेल्या एका काकांचा आठव्या दिवशी फोन आला, “सिस्टर, सगळे पैसे पाण्यात गेले हो.” त्या अवस्थेतही मला हसू आलं आणि मग त्यांनाही. तपासण्या, विम्याची मंजुरी, ऑपरेशन आणि वर हे सहा आठवडे, एवढं सगळं मार्गशीर्षाच्या आत कोंबायचं आणि ऐन मांडवात टाके ओले घेऊन बसायचं, हे नको.

लग्नाला त्यांनी जायचंच. कंडोम कॅथेटर लावून जायचं. निरोधासारखं आवरण, त्याला नळी आणि मांडीला किंवा पोटरीला बांधायची पिशवी. औषधाच्या दुकानात मिळतं. मात्र माप पाहून घ्या, सैल झालं तर निसटतं आणि घट्ट झालं तर त्वचा सोलते. लावण्याआधी तिथले केस बारीक कापा, त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करा, पावडर-तेल काही लावू नका. दोन आठवडे आधी घरी रंगीत तालीम करा. जेवायला पाटावर बसून बघा, जिना चढून बघा. धोतराखाली काय किंवा पँटखाली काय, कुणाला दिसत नाही. पुरुषांसाठी वरून लावायचा एक चिमटाही मिळतो. तासा-दोन तासांच्या कार्यक्रमाला तो चालतो, पण दर दीड-दोन तासांनी सोडावाच लागतो आणि झोपताना तर कधीच लावायचा नाही. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आणि पाणी. पाणी तोडल्याने गळणं थांबत नाही. लघवी दाट आणि झोंबरी होते, मूत्राशय आणखी चिडतं, बद्धकोष्ठ होतं, कुंथताना आणखी गळतं. दिवसा नेहमीसारखं पाणी, संध्याकाळनंतर हात आखडता आणि चहा दोन कपांवर, एवढं पुरे.

आता मुलाचा प्रश्न, या वयात यंत्र कशाला. मुलाला मी मूर्ख ठरवणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसरभोळ्या झालेल्या माणसाला पॅडच बरे. पण सव्वा वर्षापूर्वीपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या माणसाला “पॅड आहेत की” म्हणणं म्हणजे घरात बसा म्हणणं आहे. प्रोस्टेट काढताना मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली आतली झडप बरोबर जाते आणि सगळा भार खालच्या स्नायूच्या झडपेवर येतो. ती हळूहळू सावरते, म्हणून डॉक्टर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. त्या काळात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करायचे असतात. ते त्यांनी खरंच केले का, की कागदावर लिहून दिलेले फ्रिजवर लावून ठेवले? चारचौघांत वारा अडवतो तसं आत ओढायचं, पाच-सात सेकंद धरायचं, सोडायचं, पोट आणि नितंब न आवळता. केले नसतील तर आजपासून सुरू करा, पुढे ऑपरेशन झालं तरी ते वाया जात नाहीत. पण सव्वा वर्षानंतरही दिवसाला पाच-सहा पॅड म्हटल्यावर नुसत्या व्यायामाने कोरडं होईल, अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम घरी करा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. कोरड्या पॅडचं वजन लिहा. मग २४ तासांतले सगळे वापरलेले पॅड एका पिशवीत घालून वजन करा आणि तितक्या कोरड्या पॅडचं वजन त्यातून वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. असं तीन दिवस करा. “पाच-सहा पॅड” यातून काहीच कळत नाही, कारण कुणी चार थेंब पडले की बदलतो, तर कुणी पॅड कमरेतून घसरेपर्यंत ठेवतो. गळणं थोडं असेल तर पुरुषांसाठीही जाळीची पट्टी असते, मूत्रमार्गाला खालून आधार देणारी. तिच्यात पंप नाही, शिकायचं काही नाही. पण गळणं जास्त असेल किंवा शेक दिलेला असेल, तर तिचा भरवसा कमी आणि मग झडपेचाच विचार होतो.

वजनाबरोबर आणखी दोन गोष्टी तपासून घ्यायलाच हव्यात. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात किती उरते ते, आणि दुर्बिणीतून आत डोकावून टाक्याच्या जागी मार्ग आकसला आहे का ते. कधी कधी मार्ग अरुंद झाल्यामुळे मूत्राशय तुडुंब भरतं आणि वरून सांडतं. घरच्यांना तेही गळणंच वाटतं. अशा माणसाला आधी झडप बसवणं म्हणजे तुंबलेल्या मोरीला झाकण लावणं. तुमच्या यजमानांना झोपल्यावर बरं आणि उभं राहिल्यावर त्रास, म्हणजे खालची स्नायूची झडपच कमजोर असण्याची शक्यता जास्त, पण तपासणी टाळू नका.

ही झडप असते तरी कशी, ते तुमच्या मेकॅनिकना मी दोन मिनिटांत पटवून देईन. क्लचसारखीच हायड्रॉलिक. तिचे तीन भाग. रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा बांधतात ना, तसा एक छोटा पट्टा मूत्रमार्गाभोवती. ऑपरेशनच्या वेळी मार्गाचा घेर मोजून त्याचं माप ठरवतात, बहुतेकांचं ४ ते ४.५ सेंटिमीटर. दुसरा भाग म्हणजे पोटात खाली ठेवलेला फुगा, तो दाब कायम ठेवतो. तिसरा पंप, तो अंडकोषाच्या पिशवीत कातडीखाली. तिन्ही बारीक नळ्यांनी जोडलेले आणि आत द्रव. एरवी पट्टा फुगलेला, म्हणजे मार्ग बंद. लघवीला गेलं की पिशवीतला पंप चिमटीत धरून दोन-चारदा दाबायचा, द्रव पट्ट्यातून फुग्यात जातो, मार्ग मोकळा होतो. मग काही करायचं नाही. दोन-तीन मिनिटांत द्रव आपोआप परत येतो आणि पट्टा पुन्हा आवळतो. जोडण्याआधी सर्जन नळ्यांमधली हवा काढतात. हे मी एका निवृत्त ड्रायव्हरकाकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे ब्लीडिंग करतात म्हणा की.” डॉक्टर दचकलेच. गाडीच्या लाइनमधली हवा काढण्याला ड्रायव्हर लोक तेच म्हणतात, हे त्यांना कुठून माहीत असणार.

प्रकार काही नवा नाही. १९७२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला ब्रॅन्टली स्कॉट या सर्जनने पहिल्यांदा अशी झडप बसवली. आज सर्वांत जास्त वापरली जाते ती एएमएस ८००, आणि तिचा मूळ आराखडा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा. एवढी वर्षं एखादं यंत्र टिकून आहे तेव्हा त्याचे गुणही माहीत आहेत आणि खोडीही.

खोडी सांगते. मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत पाच वर्षांनी साधारण चारांतल्या तिघांची पहिलीच झडप चालू असते, दहा वर्षांनी निम्म्यांहून थोड्या जास्त लोकांची. बाकीच्यांना पुन्हा टेबलावर जावं लागतं. कधी द्रव झिरपतो, कधी पट्ट्याखालचा मार्ग बारीक होऊन पट्टा सैल पडतो. ती दुरुस्ती होते. जास्त वाईट म्हणजे जंतुसंसर्ग, किंवा पट्टा मार्गाच्या भिंतीतून आत घुसणं. मग अख्खी झडप काढावी लागते आणि काही महिने थांबून नव्याने सुरुवात. शेक घेतलेल्यांना हा धोका अधिक, यजमानांना तो द्यावा लागला नाही ही जमेची बाजू. पण पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) वाढून पुढे शेकाची वेळ येण्याची शक्यता आहे का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी विचारा. साखर असेल तर ती आटोक्यात आणा. काही झडपांवर रिफॅम्पिसिन आणि मिनोसायक्लिन या औषधांचा लेप असतो, तेव्हा टेट्रासायक्लिन गटातल्या औषधाने कधी अंगावर पुरळ आलं असेल तर तेही सांगा. आणि “ठणठणीत कोरडं” असं वचन कुणी देत असेल तर कान टवकारा. बरेच जण झडप चालू झाल्यावरही दिवसाला एक पातळ पॅड ठेवतात, जोरात खोकला आला किंवा ओझं उचललं तर दोन थेंब येतात म्हणून. पाच-सहावरून एकावर आलेल्या माणसाला मी कधी कुरकुरताना पाहिलं नाही.

बोटांचंही बघायला हवं. हात थरथरत असेल, सांधे आखडले असतील, विसर पडत असेल, तर पंप जमत नाही आणि मग ते यंत्र शिक्षा होतं. ज्यांनी हयातभर पाने फिरवले आणि पखवाज वाजवला, त्यांच्या बोटांची मला काळजी नाही. तरी ऑपरेशनआधी दवाखान्यात नमुन्याचा पंप मागा आणि तो न बघता, नुसत्या स्पर्शाने दाबायला सांगा. अंधारात, धोतर सावरत हेच करायचं आहे. तुम्हीही शिकून घ्या. संकोच वाटेल, पण यजमान आजारी पडले तर ते तुम्हालाच करावं लागेल.

आता जे सांगते ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. आमच्याकडे एक आजोबा आले होते. झडप उत्तम चालली होती, चार वर्षं. मग दुसऱ्या गावी छातीत दुखलं म्हणून त्यांना एका हॉस्पिटलात नेलं. घाईत लघवीची नळी घातली. पोराला वाटलं डॉक्टरांना माहीत असेल, डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. फुगलेल्या पट्ट्यातून नळी रेटली गेली आणि चार दिवस तशीच राहिली. आजोबांचं हृदय वाचलं, झडप गेली. पंपावर वरच्या बाजूला एक बटण असतं, पट्टा रिकामा करून ते दाबलं की झडप उघडी राहून लॉक होते. नळी घालायचीच असेल तर आधी हे करायचं, नळी बारीक घ्यायची आणि कमीत कमी वेळ ठेवायची. झडपेचं कार्ड मिळतं, ते पाकिटात ठेवायचं आणि त्याची झेरॉक्स घरच्या फायलीत. मोबाइलच्या मागे चिठ्ठी चिकटवली तरी चालेल : “मला कृत्रिम झडप आहे. ती उघडल्याशिवाय लघवीची नळी घालू नये.” एमआरआय करताना, दुर्बिणीच्या कुठल्याही तपासणीआधी हेच सांगायचं. सायकलवर लांबची रपेट टाळा, सीटचा दाब नेमका पट्ट्यावर येतो. चालायला हरकत नाही. वारीसुद्धा, पण झडप चालू होऊन काही महिने झाल्यावर आणि सर्जननी हो म्हटल्यावर. अंडकोषाची पिशवी लाल झाली, सुजली, पंप कातडीला चिकटल्यासारखा वाटला, ताप आला किंवा लघवीच अडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

पैशाचं थोडक्यात. यंत्राची किंमत आणि ऑपरेशनचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. विमा असेल तर पूर्वमंजुरी लेखी हवी, आणि “इम्प्लांट” या शब्दाला पॉलिसीत काही मर्यादा आहे का ते पाहा. डिस्चार्जच्या वेळी खोक्यावरचं सिरीयल नंबरचं स्टिकर कागदावर लावून मागा. आणि सर्जनना बेधडक विचारा : वर्षाला अशा किती झडपा बसवता? या प्रश्नाने चांगला सर्जन रागावत नाही. सांगलीत जमत नसेल तर पुण्या-मुंबईला जाण्यात कमीपणा नाही, कारण पुढच्या दुरुस्तीलाही त्याच हाताकडे जायचं आहे.

आता तुमचं. “बायकांचं असतंच.” हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की प्रत्येकीकडून एक रुपया घेतला असता तर एक झडप विकत आली असती. बाळंतपणं, पाळी जाणं, जड उचलणं यामुळे असतं, हे खरं. पण असतं म्हणून तसंच राहू द्यायचं, हे कुणी ठरवलं? जुन्या साडीच्या घड्या तुम्ही किती वर्षं घेताय, हे पत्रात नाही, पण मला अंदाज आहे.

तुम्हाला दोन त्रास आहेत आणि त्यांची औषधं वेगळी. खोकलं-शिंकलं की निसटतं, तो आधाराचा दोष. कुलूप काढेपर्यंत थांबत नाही, ती मूत्राशयाची घाई. टेप पहिल्यावर चालते. दुसऱ्याला ती मुळात नाही, उलट कधी कधी घाई वाढते. शेजारणीला लागू पडली म्हणून तुम्हाला पडेल असं नाही.

भाचीचं अर्धं बरोबर आहे. ही टेप म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीची पट्टी, मूत्रमार्गाखाली झोळीसारखी. १९९०च्या दशकात स्वीडनमध्ये उल्फ उल्मस्टेन यांनी ती पुढे आणली. ऑपरेशन छोटं, गुण लवकर, त्यामुळे जगभर पसरली. पण काही बायकांना जाळी योनीच्या भिंतीतून बाहेर येणं, जांघेत आणि ओटीपोटात कायमचं दुखणं, शरीरसंबंधात वेदना असे त्रास झाले, आणि मांसात रुतलेली जाळी काढणं घालण्याहून कितीतरी कठीण. वर बायका सांगत होत्या तेव्हा वर्षानुवर्षं त्यांचं कुणी ऐकलं नाही. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडने तिचा वापर थांबवला आणि २०२० मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीचा अहवाल आला. अमेरिकेने २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावर इलाज म्हणून योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री बंद केली, लघवीच्या टेपची नाही. म्हणजे टेप विष नाही आणि साधी दोरीही नाही. बहुतेकींना ती चांगली लागते, ज्यांना त्रास होतो त्यांना फार होतो. कुणी सुचवली तर दोन गोष्टी विचारा : काढायची वेळ आली तर कोण काढेल, आणि जाळीऐवजी माझ्याच पोटाच्या पडद्याची पट्टी घालता येईल का. तसं ऑपरेशन असतं. जखम मोठी, पण परकं काही आत राहत नाही. मूत्रमार्गाच्या भिंतीत जेल टोचून ती फुगवायचा मार्गही आहे, गुण टेपपेक्षा कमी आणि कधी पुन्हा टोचावं लागतं.

पण तुम्हाला इतक्यात यातलं काही नको. यजमानांना सांगितलेला व्यायाम तुम्हालाही, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आवळण्या, सलग तीन महिने. फिजिओथेरपिस्टने एकदा तपासून दाखवून दिलं तर फार फरक पडतो, कारण कित्येक जणी आत ओढण्याऐवजी खाली ढकलतात. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वजन आठ टक्क्यांनी उतरलेल्या बायकांचं गळणं जवळजवळ निम्म्याने कमी झालं. घाईसाठी वहीत तीन दिवस लिहा, किती वाजता गेलात, किती झाली, काय प्यायलात. मग दोन खेपांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाचाही उपयोग होतो, तो डॉक्टरांना विचारा. घाईवर गोळ्या आहेत, पण जुन्या गटातल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि वयस्कर माणसाच्या डोक्यात गोंधळ होऊ शकतो, तेव्हा मैत्रिणीच्या डब्यातली घेऊ नका. त्यानेही भागलं नाही तर माकडहाडाच्या वरच्या मज्जातंतूजवळ बारीक तार ठेवून बॅटरीने संकेत द्यायचा इलाज आहे. आधी काही दिवस तात्पुरती तार लावून पाहतात आणि निम्म्याहून जास्त फरक पडला तरच कायमची बॅटरी नितंबात बसवतात. महाग आहे, पण आहे.

लघवीत रक्त दिसलं, जळजळ-ताप असला, तर मात्र व्यायाम-बियायाम बाजूला ठेवून आधी तपासणी.

दिवाळीच्या आत दोघं एकाच दिवशी जा. सोबत त्यांच्या पॅडचं वजन, तुमची वही. त्यांचा नंबर युरॉलॉजिस्टकडे, तुमचा हवं तर बाईडॉक्टरकडे. आणि खिडकीवर केसपेपर दोन काढा, ताई. दुसऱ्यावर तुमचं नाव.